सिमेंटचे चौदा पत्रे

वादळ जेमतेम अर्धा तास टिकलं, पण जाता जाता त्याने दोन्ही जावांच्या घरांवर हात फिरवला. थोरलीच्या घरावरचे सिमेंटचे पत्रे जागोजागी तडकले, आणि वावराच्या पलीकडच्या टोकाला एकटी राहणाऱ्या धाकटीचं गवती छप्पर उचलून ओढ्यात नेऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी आपापल्या अंगणात उभ्या राहून एकमेकींच्या छपरांकडे बघत होत्या. बोलल्या नाहीत. बोलायची सवयच राहिली नव्हती. नऊ वर्षं झाली होती.

धाकटीचा नवरा, म्हणजे थोरलीचा दीर, गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला. पाण्याच्या पाळीवरून बोलाचाली झाली, आणि बोलण्याच्या भरात थोरलीच्या तोंडून निघून गेलं, "ज्याची पाळी होती तो गेला. आता तुझी कसली पाळी?" धाकटीने पाइप खाली ठेवला आणि पाठ फिरवली. तिचा भाजीचा वाफा आठ दिवसांत वाळून गेला. तिने मग शेती सोडली, सुई हातात घेतली आणि गाद्या-रजया शिवायला लागली. तिचा हात इतका बसला, की थंडीच्या तोंडावर लांबलांबची माणसं कापूस घेऊन तिच्याकडे यायची. थोरलीच्या घरातली एकही रजई मात्र तिच्याकडे शिवली गेली नाही.

वादळानंतर कचेरीचा माणूस नुकसान लिहून घ्यायला आला. थोरलीच्या छपराकडे बघून त्याने टाळूला जीभ लावून च्च केलं. "हे जुने सिमेंटचे पत्रे. यांना तुम्ही हात लावायचा नाही. कचेरी माणूस पाठवेल. तो काढेल, नेईल, आणि बदल्यात टिनाचे नवे पत्रे मिळतील."

"चाळीस वर्षं याच्याखाली झोपलो," थोरलीचा नवरा म्हणाला. "तेव्हा कुणी नाही सांगितलं हात लावू नका म्हणून."

"तेव्हा कुणाला ठाऊक होतं?" कचेरीवाला म्हणाला आणि पुढच्या घरी गेला.

चार दिवसांनी भिजवे आला. खरं नाव काय ते देव जाणे, पण आसपासच्या सगळ्या गावांत त्याला भिजवेच म्हणायचे, कारण तो कुठल्याही घरी गेला की आधी फवारणीचा पंप पाठीला लावून सगळं घर भिजवून काढायचा. काटकुळा, पन्नाशीचा, आणि दाढी-मिशी अशी गुळगुळीत केलेली की गाल चकाकत होते. थोरलीच्या नवऱ्याच्या झुपकेदार मिशांकडे बघून तो म्हणाला, "तुम्ही लांबच राहा. मिशी असली की मास्क नीट बसत नाही. फटीतून आत जातं."

"काय जातं?"

"सांगतो. आधी दारं-खिडक्या लावा. जनावरं लांब बांधा. वाळत घातलेले कपडे आत घ्या."

त्याच्याबरोबर दोन माणसं होती. तिघांनी पांढरे कागदी अंगरखे चढवले, डोक्यावर टोप्या ओढल्या, तोंडावर डबीवाले मास्क बांधले. साबणाचं पाणी पत्र्यांवर फवारलं, मुरू दिलं, पुन्हा फवारलं. पत्रे अडकवलेल्या आकड्यांचे नट गंजलेले होते, ते ठोकून तोडले नाहीत, हळूहळू कापले. एकेक पत्रा दोघांनी धरून खाली दिला. ताटातला पाण्याचा पेला हलू नये तसा. फेकला एकही नाही. खाली अंथरलेल्या जाड प्लास्टिकात दोन पदर गुंडाळून त्यावर चिकटपट्टी मारली. एक पत्रा हातातून निसटता निसटता राहिला तेव्हा भिजवे आपल्या माणसावर असा ओरडला की गोठ्यातली म्हैस बिथरली.

संध्याकाळी अंगरखे गुंडाळून पिशवीत घातल्यावर तो पायरीवर बसून चहा प्यायला. थोरलीने विचारलं, "एवढं काय असतं त्यात?"

"तूस असतं बाई. गव्हाच्या लोंबीला असतं ना, तसं. फक्त हे डोळ्याला दिसत नाही. अख्खा पत्रा म्हणजे झोपलेलं कुत्रं. आपण आपल्या वाटेने गेलो तर तेही काही करत नाही. पण फोडला, घासला, करवत लावली की उठलंच. ते तूस छातीत शिरतं आणि मग बाहेर येत नाही. वीस वर्षं, तीस वर्षं गुपचूप बसतं. मग एक दिवस माणसाला साधा चढ चढवत नाही."

"आणि औषध?"

"तेवढं विचारू नका," म्हणून भिजवेने कप उपडा घातला. मग वही पुढे केली. "बत्तीस पत्रे. अठरा फुटके, चौदा अख्खे. हे पुरायच्या आमच्या खड्ड्याची गाडी गुरुवारी येते, तोवर इथेच राहतील. यातला एकही कुणाला द्यायचा नाही. शेळ्यांच्या खोपटाला नाही, कडब्यावर झाकायला नाही. इथे सही करा."

थोरलीने सही केली. अक्षर चांगलं होतं तिचं.

दुसऱ्या दिवशी टिनाचे पत्रे आले. नवरा गावातल्या दोघांना घेऊन ते चढवायला लागला. दुपारी ते दोघे जेवायला गेले, नवरा खिळे आणायला बाजारात गेला आणि थोरली अंगणात वासे पुसत बसली, तेव्हा कुंपणाशी कुणीतरी उभं असल्याचं तिला जाणवलं. मान वर केली तर धाकटी. डोक्याला फडकं बांधलेलं, हातांच्या बोटांना सुईची भोकं, आणि चेहरा उतरलेला.

"जाऊबाई," धाकटी म्हणाली. नऊ वर्षांनी. "ते पत्रे तुम्ही टाकून देणार आहात ना?"

थोरलीने हातातलं फडकं खाली ठेवलं. "हो. म्हणजे गाडी येणार आहे."

"त्यातले अख्खे असतील तर मला द्याल? माझा कापूस उघड्यावर पडलाय. ताडपत्री टिकत नाही वाऱ्यात. थंडीच्या सगळ्या रजया व्हायच्या आहेत. कचेरीवाला म्हणतो, गवताच्या छपराला काही मिळत नाही." एवढं बोलून तिने डोक्याचं फडकं सारखं केलं. मग खाली बघून म्हणाली, "मागायला जड जातंय मला. नाही म्हणालात तरी राग नाही."

आता थोरलीने काय म्हणायला हवं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. सहीची शाई अजून ओली म्हणावी इतकी ताजी होती. पण नऊ वर्षं ज्या बाईच्या घराकडे पाठ करून ती विहिरीवर पाणी भरत होती, ती बाई आज स्वतः कुंपणाशी आली होती. नाही म्हटलं तर ती म्हणणार, टाकून द्यायच्या वस्तूसुद्धा हिला देववल्या नाहीत. आणि पत्रा तर अख्खा आहे. झोपलेलं कुत्रं. भिजवेच म्हणाला की.

"अगं, त्यात मागायचं काय?" थोरली म्हणाली. "घेऊन जा. चौदा आहेत चांगले."

आणि तिने स्वतः विळा आणून प्लास्टिक कापलं.

धाकटीचे डोळे भरून आले. तिने बैलगाडी आणली, दोघींनी मिळून पत्रे चढवले. जाताना ती म्हणाली, "देव तुमचं भलं करो." थोरलीला ते ऐकून एकदम बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, आणि तेच तिला पुढे किती दिवस डसत राहिलं.

नवरा खिळे घेऊन आला. त्याने गठ्ठ्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं.

"अगं, सही केलीयस तू."

"आपल्याच माणसाला दिलेत."

तो शिडीकडे वळला. त्याचं नेहमीचंच. गप्प बसून अर्धी चूक आपल्या डोक्यावर घ्यायची आणि वर चढून खिळे ठोकायचे.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला थोरली चहाची किटली घेऊन वावर ओलांडून गेली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. लांबूनच तिला आवाज आला. खर्र, खर्र. पावलं आपोआप भरभर पडायला लागली.

धाकटीने दाराशी दोन दगडांवर पत्रा आडवा टाकला होता आणि सुताराकडून आणलेली करवत दोन्ही हातांनी ओढत होती. तिची खोली लहान, पत्रे लांब, तेव्हा कापल्याशिवाय बसणार नव्हते. राखी पिठासारखी धूळ पायांशी ढीग करून पडली होती, वाऱ्याने उडत होती, दारातून आत पिंजलेल्या कापसावर जाऊन बसत होती. धाकटीच्या भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, फडक्याखालून निघालेले केस पांढरे. तोंड उघडं. थोरलीला बघून ती हसली.

"बघा जाऊबाई, एका सकाळीत म्हातारी झाले."

थोरलीने किटली खाली ठेवली. सांगावं, आत्ता सांगावं. थांब म्हणावं. पाणी मार म्हणावं. पण थांब म्हटलं की का म्हणून विचारणार, आणि का ते सांगितलं की मग काल का नाही सांगितलंस, याला उत्तर नव्हतं.

"धुळीत काम करतेस, तोंडाला बांध काहीतरी," एवढंच ती म्हणाली.

"कापसात जन्म गेला माझा. मला धुळीचं काय? जरा हे टोक धरता का? हलतोय, म्हणून वाकडं कापलं जातंय."

आणि थोरलीने टोक धरलं. पत्रा थरथरत होता, ती थरथर तिच्या मनगटांतून खांद्यांपर्यंत येत होती. आपला श्वास कुठे ठेवावा तिला कळेना. एक पत्रा झाला, दुसरा झाला. पाच पत्रे तिने धरले. मग घरी जनावरांचं बघायचंय म्हणून ती निघाली. घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं. पुन्हा घेतलं. कपडे तीनदा धुतले, आणि दोरीवर टाकताना तिच्या मनात आलं, की धाकटी काही तीनदा धुणार नाही. धाकटी तशीच बसून जेवेल.

गुरुवारी गाडी आली. भिजवेने गठ्ठे मोजले. पुन्हा मोजले. विळ्याने कापलेलं प्लास्टिक उचलून त्याने त्याची कड बोटांनी चाचपली.

"चौदा कुठे गेले?"

नवरा नव्या पत्र्यांकडे बघायला लागला. थोरली म्हणाली, "रात्रीत कुणी नेले. सकाळी बघतो तर नाहीत."

भिजवेने तिच्याकडे बघितलं. तो खेकसला असता तर बरं झालं असतं. त्याने कानामागची पेन्सिल काढून वहीत लिहिलं, चोरी. "ज्याने नेलेत त्याने ते कापले नाहीत म्हणजे मिळवली," तो म्हणाला. "चोराला कोण सांगणार की मी काय नेलंय? महिन्याभराने खड्ड्याची शेवटची गाडी आहे. मग त्यावर माती टाकून बंद करणार. कुठे दिसले तर मला कळवा. मी कुणाला काही विचारणार नाही."

गाडी गेली. तिच्या मागून उडालेल्या फुफाट्याकडे बघत थोरली बराच वेळ उभी राहिली.

पुढचे दिवस वरून बघणाऱ्याला फार गोड वाटले असते. धाकटी येता जाता हाक मारायची. वाटीभर साखर नेली तर दुप्पट परत आणायची. विहिरीवर दोघींच्या घागरी शेजारी शेजारी दिसायला लागल्या, तेव्हा गावातल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. "वादळाने तुमचं भांडणही उडवून नेलं वाटतं," एक म्हणाली. धाकटी हसली. थोरलीने घागर कमरेवर घेतली आणि निघाली.

तिचं सगळं लक्ष धाकटीच्या घशाकडे. ती खाकरली की थोरली हातातलं काम थांबवून कान द्यायची. वीस वर्षं गुपचूप बसतं असं भिजवे म्हणाला होता हे तिला आठवत होतं, आठवड्याभरात कुणी खोकत नाही हेही कळत होतं. पण खाई त्याला खवखवे. एक दिवस गोठ्यात शेण भरताना तिने मनाशी हिशोब केला. धाकटी त्रेचाळीसची. वीस मिळवले तर त्रेसष्ट. आणि आपण आज अठ्ठावन्नच्या. तोवर आपण कशाला असतो? आणि तेव्हा कुणाला आठवणार की पत्रे कुठून आले, कुणी टोक धरलं? डॉक्टर म्हणतील, कापसाची धूळ. कुणीसुद्धा आपलं नाव घेणार नाही. हा विचार आला आणि तिला सुटल्यासारखं वाटलं. आणि मग स्वतःचीच अशी भीती वाटली की शेणाची पाटी तशीच टाकून ती बाहेर येऊन उन्हात बसली.

पंधराव्या दिवशी धाकटी रजई घेऊन आली. जांभळ्या कापडाची, कडेने बारीक दुहेरी टाक्यांची. "नव्या छपराखाली शिवलेली पहिली रजई तुमची," ती म्हणाली. "पहिल्या दिवशीच घातली शिवायला. कापूस माझा, मजुरी माझी. नाही म्हणू नका."

थोरलीने दोन्ही हातांनी ती घेतली. जड होती. धाकटी गेल्यावर ती कुठे ठेवावी तिला कळेना. घरात ठेववेना, बाहेर ठेववेना. शेवटी खताच्या रिकाम्या पोत्यात घालून गोठ्याच्या माळ्यावर टाकली. नवरा दारातून बघत होता.

"सांगून टाक," तो म्हणाला.

"तुम्हीच सांगा."

"मी सांगितलं तर मी सांगितलं असं होईल."

त्याच्या तोंडून इतकं शहाणपणाचं वाक्य कित्येक वर्षांत निघालं नव्हतं.

तरी आणखी तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी ती वावर ओलांडून गेली. धाकटी दारात बसून सुई ओवत होती. आत अकरा रजया एकावर एक रचून ठेवल्या होत्या, त्यावर घडी घातलेली चादर.

"बस म्हणू नकोस," थोरली म्हणाली. "ते पत्रे उतरवायला हवेत."

सुई थांबली. "का?"

"आमचे टिनाचे घे त्याऐवजी. तेवढेच देते. आजच देते."

धाकटीचा चेहरा हळूहळू आवळत गेला. "दिलेलं परत मागायला आलात? भाऊजींना पटलं नाही का? की गावात दानाचं नाव होऊन गेलं, आता पत्रे परत आणा? जाऊबाई, मी तेव्हाच म्हणाले होते, नाही म्हणालात तरी राग नाही."

"तसं नाही गं."

"मग कसं?"

थोरलीने कुडाचा खांब धरला. मग तिने सांगितलं. भिजवे काय म्हणाला, तूस कसं असतं, करवत लावल्यावर काय होतं. सांगताना तिने कुठे काही गाळलं नाही, सहीसुद्धा. वाक्यं तुटत होती, पण ती थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा सुरू झाली नसती.

धाकटीने सगळं ऐकून घेतलं. मग सुई कापडात खोचून ठेवली.

"मला देताना तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

"मी कापत होते तेव्हा तुम्ही समोर उभ्या होतात."

"होते."

"टोक धरलंत."

"धरलं."

"आणि म्हणालात, तोंडाला काहीतरी बांध."

थोरलीला यावर हो म्हणवेना. धाकटी उठली. तिने वर पत्र्यांकडे बघितलं, आतल्या अकरा रजयांकडे बघितलं, स्वतःच्या हातांकडे बघितलं. "पाणी नाही दिलंत तेव्हा तोंडावर बोलून तरी दाखवलं होतंत," ती म्हणाली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

थोरली तशीच रस्त्याला लागली आणि दीड कोस चालून कचेरीत गेली. तिथे रांग होती. तिची पाळी आली, तिने नाव सांगितलं, तेव्हा कारकुनाने वही काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात वाचलं, "चौदा पत्रे. चोरीला गेले. बरोबर?"

"चोरीला गेले नाहीत."

"इथे लिहिलंय चोरी."

"लिहिलंय ते खरं नाही. मीच दिले."

"मग चोर कोण?"

"चोर मीच म्हणा."

रांगेतले लोक हसले. त्यांना वाटलं म्हातारी थट्टा करतेय. कोपऱ्यात मास्कच्या डब्या पुसत बसलेला भिजवे मात्र हसला नाही. तो उठून आला. "कापलेत?" त्याने विचारलं.

"नऊ कापले. त्यातले पाच मी धरून कापले."

"पाणी मारून?"

तिने मानेनेच नाही म्हटलं. भिजवेने डोळे मिटून उघडले. "उद्या येतो," तो म्हणाला.

सकाळी तो आला तेव्हा त्याचा एक माणूस तापाने पडला होता. थोरली म्हणाली, "मी करते. सांगा काय करायचं ते." भिजवेने धाकटीकडे बघितलं. धाकटी अंगणाच्या कडेला पेटीवर बसली होती. ती म्हणाली, "करू दे," आणि तोंड फिरवलं.

थोरलीला अंगरखा चढवला, मास्क बांधला. मास्कचे पट्टे कानामागे करकचून बसले. श्वास घेतला की रबराचा वास यायचा, सोडला की चेहरा भिजायचा. वर भिजवे आणि त्याचा माणूस पत्रे भिजवत, आकडे कापत होते. खाली थोरली गुडघ्यांवर. धाकटीने ज्या दगडांवर करवत चालवली होती, तिथली माती आधी पाण्याने चिखल करून, मग खुरप्याने चार बोटं खोल खरवडून पिशवीत भरायची. झाडू लावायचा नाही. आत जमीन, भिंतीचा खालचा भाग, खिडकीची चौकट ओल्या फडक्याने पुसायची. फडकं एकदाच ओढायचं, दुमडायचं, पुन्हा ओढायचं, मग पिशवीत टाकायचं. दुसरं घ्यायचं. तिचे गुडघे सोलवटले. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायची सोय नव्हती. साठ-सत्तर फडकी तरी झाली असतील. धाकटी पेटीवरून बघत होती. पाणी हवंय का असं तिने विचारलं नाही, आणि थोरलीनेही तशी आशा धरली नाही.

दुपारी भिजवे रजयांपाशी थांबला. "या कधीच्या?"

"त्यानंतरच्या," धाकटी म्हणाली. "कापूस उघडा होता."

"धुऊन चालेल का?" थोरलीने मास्कमधून विचारलं.

"कापसात गेलेलं तूस धुऊन निघत नाही. कुणाच्या अंगावर घालायची त्या?" भिजवे हळू आवाजात म्हणाला. धाकटी उठली, मास्क मागून घेतला, आणि अकराच्या अकरा रजया तिने स्वतः पाणी मारून पिशव्यांत भरल्या. प्रत्येक पिशवीचं तोंड पिळून चिकटपट्टी मारली. तिच्या दोन महिन्यांच्या घरखर्चाचे पैसे होते ते, आणि लोकांचा विश्वास.

थोरली घरी जाऊन पोतं घेऊन आली. जांभळी रजई बाहेर काढली. तिची घडी जशीच्या तशी होती. टाक्यांच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या.

"उघडलीसुद्धा नाहीत," धाकटी म्हणाली. त्या दिवसातलं तिचं थोरलीशी ते एवढंच बोलणं.

संध्याकाळी गाडी भरली तेव्हा धाकटीच्या डोक्यावर नुसते वासे राहिले होते. या चौदांच्या बदल्यातले नवे पत्रे कचेरीतून यायला महिना लागणार होता. थोरली अंगरखा उतरवून घरी पोचते तर तिचा नवरा छपरावर चढून पुढच्या खोलीचे टिनाचे पत्रे सोडवत होता. नुकतेच ठोकलेले खिळे तो एकेक उपटत होता.

"विचारलं नाहीत," ती म्हणाली.

"विचारत नाही, सांगतोय. खालून धर."

तिने धरलं. तेच पत्रे धाकटीच्या घरावर चढले, आणि थोरलीची पुढची खोली महिनाभर ताडपत्रीखाली राहिली. धाकटीने थोरलीच्या नवऱ्याला चहा दिला. बायकोची चौकशी केली नाही.

भिजवेने जाता जाता सांगितलं होतं, की शहराच्या सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढे कधी गरज पडली तर आजचा हाताशी असेल. दोन आठवडे त्यावर कुणी काही बोललं नाही. मग एका सोमवारी सकाळी धाकटी कुंपणाशी आली. "बस नऊची आहे," ती म्हणाली. "पत्रा तुम्हीही धरला होतात."

बसमध्ये दोघी लांब लांब बसल्या. दवाखान्यात खिडकीमागच्या माणसाने दोघींची वयं लिहून घेतली आणि विचारलं, "एकत्र आलात? नातं काय?"

थोरली वाट बघत राहिली. धाकटीने हातातल्या पिशवीवरची धूळ झटकली. "जावा आहोत," ती म्हणाली.

धाकटीला आधी आत बोलावलं. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे बाहेर बाकावर बसलेल्या थोरलीला आतल्या माणसाचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "हनुवटी वर. छाती चिकटवा. श्वास घ्या, मोठा. धरून ठेवा. हलू नका." थोरलीनेही श्वास घेतला आणि धरून ठेवला. आत यंत्र घरघरलं. "सोडा," तो म्हणाला, तरी तिला सोडायचं सुचलं नाही. शेजारचा म्हातारा म्हणाला, "बाई, बरं वाटत नाही का?"

डॉक्टरीण तरुण होती. तिने दोन्ही फोटो खिडकीच्या उजेडात धरले. "स्वच्छ आहेत," ती म्हणाली. थोरलीने खुर्चीचा हात घट्ट पकडला. "पण यावरून आज काहीच ठरत नाही. एक-दोन दिवस कापलेल्याला काही होईलच असं नाही. होणार नाही असंही मी लिहून देणार नाही. वर्षातून एकदा येत जा. पुढचा फोटो याच्याशेजारी धरून बघायचा असतो."

"किती वर्षं?" धाकटीने विचारलं.

"वीस. पंचवीस. जमेल तितकी."

बाहेर आल्यावर धाकटी थांब्यावर उभी राहिली. ऊन चढलं होतं. मग म्हणाली, "दरवर्षी याच महिन्यात. मी बोलवायला येणार नाही."

"मी येईन."

"सहज म्हणू नका. वीस वर्षांनी अठ्ठ्याहत्तरच्या व्हाल तुम्ही."

"मी येईन," थोरली पुन्हा म्हणाली. रडू आवरायला तिने खालचा ओठ दातांत धरला. रडायचा हक्क इथे आपला नाही, एवढं तिला कळत होतं.

बस आली. धाकटीने आपल्या फोटोचं मोठं पाकीट तिच्या हातात दिलं. "हा फोटो तुमच्याकडे ठेवा. वाकवू नका." ती आत चढली आणि पुढच्या बाजूला खिडकीशी जाऊन बसली. थोरलीला बसायला जागा मिळाली नाही. मधल्या वाटेत, एका खांद्याने दांड्याला टेकून, दोन्ही पाकिटं छातीशी सपाट धरून ती गावापर्यंत उभी राहिली.